वस्तादांचा वाख्तांग

गेल्या चैत्रातल्या जत्रेत, कुस्ती मैदानाच्या दिवशी, संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना सुमेध कांबळे या पैलवानाच्या डोक्यावरचा फेटा उतरवण्यात आला आणि खांद्यावरची चांदीची गदा काढून घेण्यात आली. ऊन होतं. सगळ्यांना दिसत होतं.

‘उतरवण्यात आला’, ‘काढून घेण्यात आली’. असं लिहिलं की कुणीच काही केलं नाही असं वाटतं. पत्रकं लिहिताना आमच्या संघटनेत पहिल्यांदा शिकवलं ते हेच, की करणाऱ्याला वाक्यातून पळून जाऊ द्यायचं नाही. तर फेटा जत्रा कमिटीच्या अध्यक्षानं उतरवला. गदा खजिनदारानं काढून घेतली. आणि कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याच्या कडेला पहिल्या रांगेत खुर्चीवर सुमेधचे वस्ताद बसले होते. ते तोंडातून शब्दही न काढता बसून राहिले.

गावाचं नाव घालत नाही, कारण सुमेधनं घालू दिलं नाही. त्याची मावशी तिथं नांदते. कमिटीबद्दल मला काय वाटतं ते एका ओळीत सांगता येईल, पण ती ओळ छापता येणार नाही. वस्तादांबद्दल मात्र एका ओळीत सांगता येत नाही. मला खरा धक्का दिला तो त्यांनी.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांची तालीम, आणि तालमीच्या माडीवर माझी भाड्याची खोली. खोली बघायला गेले तेव्हा भाड्याची, डिपॉझिटची काही बात नाही. म्हातारा मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, “बैठका किती मारतीस?”

मी म्हटलं, “मी खोली बघायला आलेय.”

“ते दिसतंय की. जिना चढून वर जायचंय. गुडघं बघायला नगंत व्हय?”

मी तिथंच चपला काढून बैठका मारल्या. दहाव्या बैठकीला ते म्हणाले, “बास. ऱ्हावा.” तोच आमचा भाडेकरार.

तालमीत बायकांनी यायचं नाही असा नियम होता. माझा जिना बाहेरून. मी या नियमाविरुद्ध एक पत्रक काढलं आणि पहिली प्रत त्यांच्याच हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, “झाक लिवलंयस” म्हणाले आणि तालमीच्या दारावर स्वतःच्या हातानं डकवलं. नियम तसाच राहिला. आपल्यावरची टीका दारावर लावून दार बंदच ठेवणारा असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पण त्यांचा दुसरा एक नियम होता, आणि त्यासाठी मी त्यांना सगळं माफ करायला तयार होते. वस्ताद आडनाव उच्चारत नसत. कुणाचंच नाही, स्वतःचंही नाही. दारावरच्या पाटीवर नुसतं ‘वस्ताद’. लाईटबिल आलं की आधी त्यावरचं आडनाव निळ्या शाईनं खोडत, मग आकडा बघत. लग्नपत्रिका आली की शिंप्याची मोठी कात्री घेऊन नवऱ्यामुलाचं आणि नवरीचं आडनाव कापून टाकत आणि खिडक्या पडलेली पत्रिका खुंटीला टांगत. नवा पोरगा तालमीत आला की त्याला सांगत, “नाव सांग. त्येच्या म्होरलं उंबऱ्याभाईर ठेव. आत माती हाय, तिला वाचता येत न्हाय.”

आमच्या संघटनेत जातिनिर्मूलनावर शिबिरं होतात, पाणी-चहासह. इथं एक लंगोटवाला म्हातारा कात्री घेऊन तेच काम करत बसला होता. मी भारावून गेले होते. का नाही जाणार?

आता वाख्तांग.

वस्ताद विशीत होते तेव्हा रशियाचे पैलवान कोल्हापुरात कुस्त्या खेळायला आले. तेव्हा तिकडच्या सगळ्यांना रशियाचेच म्हणत. त्यांच्यातला एक गडी दुपारी या तालमीत आला, मातीत उतरला आणि त्यानं वस्तादांना सरळ अस्मान दाखवलं. मग हात धरून उठवलं आणि स्वतःच्या टॉवेलनं वस्तादांच्या पाठीची माती पुसली. ही पाठ पुसण्याची गोष्ट वस्ताद कुस्तीपेक्षा जास्त वेळ सांगत. कुणी त्याला रशियाचा म्हटलं की खवळत. “रशियाचा न्हवं. जॉर्जियाचा! वाख्तांग!” तो देश तेव्हा नकाशात वेगळा दाखवत नव्हते. म्हणून वस्तादांनी शाळेतला जुना नकाशा मिळवून त्यात तेवढाच तुकडा तालमीतली काव घेऊन तांबडा केला होता. तो नकाशा मारुतीच्या शेजारी.

नावाचा अर्थ त्या गड्यानं हातवारे करून सांगितला होता. आधी स्वतःच्या अंगावर थापा मारल्या, मग चार पायांवर उभा राहिला आणि मान वर करून ओरडला. लांडगा. लांडग्याच्या अंगाचा. वस्तादही गोष्ट सांगताना चार पायांवर येऊन तसंच ओरडत आणि खालच्या बोळातली सगळी कुत्री उत्तर देत.

त्याच्याकडून एक शब्दही ते शिकले होते, ‘गामारजोबा’. तिकडचा रामराम. त्यात जिंकणं आहे, तुझी जीत असो असं काहीतरी. पहाटे दूधवाला आला की वस्ताद वरच्या पट्टीत, “गामारजोबा!” दूधवाला म्हशीच्या शेणात उभा राहून, “गागिमारजोस, वस्ताद!” म्हणे. ते उत्तर सगळ्या बोळाला पाठ होतं. पेठेतल्या कुणालाही त्यात विचित्र वाटत नसे.

मी फोनवर शोधाशोध केली. त्या नावाचा एक राजा होऊन गेला, दीड हजार वर्षांपूर्वी. त्याच्या शिरस्त्राणावर लांडग्याचं डोकं कोरलेलं, आणि ते दिसलं की शत्रू ‘लांडग्यापासून लांब!’ असं ओरडत, अशी कथा. शिकारीत त्याचा ससाणा पक्ष्यासकट गरम पाण्याच्या झऱ्यात पडला, आणि तो झरा बघून राजानं तिथं राजधानी वसवली. हे सांगितल्यावर वस्ताद खूश. “गरम पाण्याची सोय बघून गाव वसवलं म्हंजे गडी मातीतलाच.”

मग मी म्हटलं, “पण वस्ताद, नाव मुळात जॉर्जियाचं नाहीच म्हणतात. जुन्या इराणी बोलीतून आलंय. ज्यांच्याशी ते लढले त्यांच्याकडूनच घेतलेलं.”

मला वाटलं खट्टू होतील. त्यांनी बदामाची साल सोलणं थांबवलंही नाही. “मग? लंगोट कुणी शिवला ते कोण इचारतंय? कसला कुणी, ते बघायचं.”

तो पाहुणा गेल्यावर वस्तादांनी एक रिवाज सुरू केला. तालमीतल्या एकाच पठ्ठ्याला, सगळ्यांत तयार असेल त्याला, ते ‘वाख्तांग’ हे नाव देत. मैदानात तो त्याच नावानं खेळे. एका वेळी एकच. कुस्ती सोडली की तो नारळ आणि पावशेर बदाम घेऊन यायचा, वस्तादांच्या पायाशी ठेवायचा आणि म्हणायचा, “वस्ताद, नाव ठेवलं.” मग ते दुसऱ्याला. पहिला वाख्तांग बागवान गल्लीतला होता, आता त्याचं टायरचं दुकान आहे. दुसरा धनगराचा. त्याला वस्ताद म्हणाले होते, “तुझ्या मेंढरांस्नी सांगू नगंस, नावात काय हाय ते.” तिसरा ट्रक चालवतो आणि त्याच्या ट्रकमागं अजून ‘वाख्तांग’ लिहिलेलं आहे. त्याला घाटात पोलिसांनी अडवून ही कुठली कंपनी असं विचारलं होतं. पेठेतली पोरं ‘वाकडी टांग’ म्हणून चिडवायची. नाव अर्धं करून ‘वाखो’ म्हटलं तर मात्र वस्तादांची काठी यायची. तिकडं लाडानं तसंच म्हणतात हे मी सांगून पाहिलं. “राजाचं नाव तोडायचं न्हाय.”

चौथा वाख्तांग म्हणजे सुमेध.

सुमेध नेसरीकडचा. आई अंगणवाडीत मदतनीस. मिसरूड फुटायच्या आधी तालमीत आला आणि आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवून आत गेला. अंगानं काळासावळा, कान मोडलेले, बोलणं कमी. ‘वाख्तांग’ दिलं त्या दिवशी मला जिन्यात पेढा द्यायला आला तेव्हा म्हणाला, “ताई, इंटरन्याशनल झालो की.” एवढा मोठा विनोद त्यानं परत केला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, जिथं पुढं फेटा उतरवला त्याच गावच्या मैदानाला तो स्वतःच्या नावानं गेला होता. मैदानाच्या सकाळी कमिटी जोडी लावते. वजन बघतात, नाव-गाव विचारतात, समोर तोलामोलाचा गडी देतात. सुमेधनं पूर्ण नाव सांगितलं. विचारणारा वहीतून मान वर न काढता म्हणाला, “जोड न्हाय, पावणं.” सुमेधच्या वजनाची चार पोरं मागच्या ओट्यावर बसून उसाचा रस पीत होती. “म्होरल्या साली बघू.” कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. जोड नाही म्हणजे नाही. हे इतक्या सभ्यपणे चालतं की त्यावर पत्रक काढायचं म्हटलं तरी पहिलं वाक्य सुचत नाही.

पुढच्या साली वस्तादांनी कमिटीला नाव कळवलं ते एवढंच. वाख्तांग. तिकडून फोन आला, “परदेशी हाय न्हवं?” वस्ताद म्हणाले, “नाव तिकडचंच हाय.” आणि फोन ठेवला. खोटं बोलले नाहीत. खरंही बोलले नाहीत. मग सुमेधला समोर बसवून सांगितलं, “सकाळधरनं तोंड उघडायचं न्हाय. कुस्ती हुईस्तवर मुका. खेळायला मिळंल.”

हे सगळं मला सुमेधनं नंतर सांगितलं. आधी कळलं असतं तर मी तालमीच्या दारातच बसकण मारली असती. ज्या देशात आपण राहतो तिथं जिल्ह्यातल्या पोराला जिल्ह्यातल्या मैदानात उतरायला परदेशी व्हावं लागतं, मुकं व्हावं लागतं! आणि ही युक्ती सुचली कुणाला, तर कात्रीवाल्या वस्तादांना.

त्यांचा हिशेब चुकला तो एका ठिकाणी. त्यांच्या डोक्यात मैदान म्हणजे पुरुष. बाया येतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मी सुमेधच्या आईला एसटीनं घेऊन गेले; मी त्यांना मावशी म्हणते. त्यांनी पोराची एकही कुस्ती पाहिली नव्हती. नेलं ते मी, आणि पुन्हा नेईन.

वेशीवरच्या फ्लेक्सवर एक गोरापान, निळ्या डोळ्यांचा गडी. खाली ‘जॉर्जियाचा वाख्तांग’. मावशींनी विचारलं, “ह्यो कोण गं बाई?” मी म्हटलं, “छापणाऱ्यानं चुकून दुसऱ्याचा फोटो लावलाय.” आम्ही दोघी हसलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहायला जागा मिळाली. शेजारचा एक म्हातारा हौसेनं माहिती देत होता, की मागं एकदा इथं इराणचा म्हणून छापलेला पैलवान शेजारच्या जिल्ह्यातला निघाला, लोक पोट धरधरून हसले आणि वर त्याला फेटा बांधला. “आमचं गाव मोकळं हाय, बाई,” तो म्हणाला.

सुमेधला घेऊन वस्ताद आले तेव्हा कमिटीतल्या एकानं विचारलंच, “ह्यो जरा सावळा वाटतोय की, वस्ताद?”

“उन्हात सराव करतोय,” वस्ताद म्हणाले.

शेवटची जोड. हलगी कडाडली. समोर गावचाच पैलवान. एकमेकांना चाचपत खडाखडी बराच वेळ चालली, आणि मग सुमेधनं घिस्सा डावावर त्याला असा पालथ्याचा उताणा केला की पंचांना वाकून बघावंही लागलं नाही. लोकांनी सुमेधला खांद्यावर घेतलं. अध्यक्षानं स्वतः फेटा बांधला. हुपरीत घडवलेली चांदीची गदा खांद्यावर दिली. आणि माझ्या शेजारून मावशींनी ट्रॉलीतून उडी मारली, पदर खोचला आणि गर्दी फोडत ओरडत निघाल्या, “सुमेध! सोन्या! जिकलास रं!”

सकाळपासून मुका असलेला जॉर्जियाचा पैलवान वळला आणि म्हणाला, “आई!”

मैदान खदखदून हसलं. माईकवाला म्हणाला, “पावण्याला मराठी येतंय की!” अजून हशा. मीही हसत होते. त्या हशात सगळं निभावून गेलं असतं, शप्पथ सांगते. पण अध्यक्षानं माईक घेतला आणि विचारलं, “नाव काय रं तुझं? खरं सांग. पुरं सांग.”

“सुमेध कांबळे,” तो माईकमध्ये म्हणाला. “गाव नेसरीजवळ.”

हशा थांबला. विझला नाही, थांबला. नळ बंद केल्यासारखा. इराणवाल्याच्या वेळी तो थांबला नव्हता.

“मंडळी, ही फसवणूक हाय,” अध्यक्ष म्हणाला. “जॉर्जियाचा म्हणून ह्यो आत आला. असा कुणी पैलवानच न्हाय. कुस्ती रद्द.” मग तो वस्तादांकडं वळला. “वस्ताद, तुमी जाणतं माणूस. तुमीच सांगा, कोण हाय ह्यो?”

त्या मैदानात जातीचा एक शब्द कुणी काढला नाही. ही त्यांची कमावलेली कला आहे. पण उत्तर द्यायची पाळी वस्तादांची होती. म्हणायचं एवढंच होतं, ‘ह्यो माझा पठ्ठा, सुमेध कांबळे.’ अख्ख्या आयुष्यात एकदा, एक आडनाव. त्यांचे ओठ हलले. मी ट्रॉलीवरून पाहिलं. ‘सुमेध’ म्हणाले असतील. पुढं गाडी अडली. हात गुडघ्यांवर ठेवून ते तसेच बसून राहिले आणि फेटा उतरला. गदा हरलेल्या पैलवानाला दिली. त्यानं खाली मान घालून घेतली, पण घेतली. मावशी हौद्याच्या दोरीला धरून उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “माझं काय चुकलं?” त्यांना कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून ते इथं लिहिते. मावशी, तुमचं काहीही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नियम मोडून तालमीत गेले. माती नुकती शिंपली होती. “का बोलला नाहीत?”

“आडनाव माज्या तोंडात बसत न्हाय, पोरी.”

“बसत नाही, कारण तुम्हाला ते कधी कुणी विचारलं नाही. तुम्ही लाईटबिलावरचं खोडलंत तरी सगळ्या पेठेला ठाऊक आहे तुम्ही कुणाचे. तुमच्या पाटलांच्या घराण्याच्या नावानं तुमच्या गावाकडं अख्खा माळ आहे. आडनाव टाकून द्यायची चैन तुम्हाला परवडते, वस्ताद. सुमेधनं उंबऱ्याबाहेर ठेवलं तेव्हा ते तिथंच बसून राहिलं, त्याची वाट बघत.”

काठी उगारतील असं वाटलं. त्यांनी फक्त मातीत हात घातला आणि ती मुठीत धरून बसले.

आठवड्यानं सुमेध नारळ आणि बदाम घेऊन आला. वस्तादांचा चेहरा उतरला. “कुस्ती सोडलीस?”

“न्हाय.”

“मग नाव का ठेवतोस?”

“मला हाय की एक,” सुमेध म्हणाला, आणि पाया पडून मातीत उतरला. त्या दिवशी त्यानं रोजच्यापेक्षा जास्त जोर मारले. वस्तादांनी ते नाव पुढं कुणालाच दिलं नाही.

पावसाळा संपता संपता वस्ताद एकटे एसटीनं त्या गावाला गेले. त्या वयात, मोडक्या गुडघ्यांनी. परत आल्यावर माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. “सांगून आलो. पुरं नाव सांगितलं त्येचं. म्हनलं, सुमेध कांबळे जिकला, गदा त्येची.”

“मग?”

“च्या पाजला. शाल घातली. फोटू काढला.” त्यांनी दोन्ही गुडघे चोळले. “ऐकलं न्हाय.”

शाल त्यांनी तिथंच पायरीवर ठेवली आणि आत गेले. दिवाळीनंतर ते वारले. मी त्यांच्यावर रागावलेली होते आणि आहे. त्यांनी उशिरा का होईना नाव घेतलं, हेही खरं आहे. यातलं एक दुसऱ्यातून वजा करायला मला जमत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण काल समोर आलं. त्याच कमिटीचा यंदाचा फ्लेक्स लागला आहे. त्यावर शाल पांघरलेले वस्ताद हात जोडून उभे आहेत. पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीला त्यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा! ज्यांनी त्यांचं ऐकलं नाही त्यांनी त्यांचा फोटो ठेवून घेतला. मी रस्त्यातच उभी राहून तो फोटो बघत होते. मागून रिक्षावाला म्हणाला, “ओ ताई, सरका की,” तेव्हा बाजूला झाले.

सुमेध यंदा पुन्हा जाणार आहे. सकाळी जोडी लावायच्या वेळी, पूर्ण नाव सांगून. त्या गावात नांदणारी त्याची मावशी म्हणते, येऊ नको. आई म्हणते, मी बरोबर येते.

तुम्ही कुस्ती बघणारी माणसं आहात. फ्लेक्स तुमच्याही चौकात लागला असेल. शाल घेतलेला म्हातारा ज्यावर दिसेल तेच मैदान, नाव सांगायची गरज नाही. तुम्हीही या. सकाळीच या, जोडी लागतात तेव्हा, आणि ‘जोड न्हाय’ असं कुणी म्हणालं तर ओट्यावर बसलेल्या पोरांकडं बोट दाखवा. संध्याकाळी त्या गदेची जोड हौद्यात आली, हलगी थांबली की जागेवर उठून उभे राहा आणि मोठ्यानं विचारा, गेल्या साली इथं कोण जिंकलं? माईकवरून पूर्ण नाव येईपर्यंत खाली बसू नका.